वर थांबणारा

रऊफभाई, तुमच्या दफनाच्या वेळी मी जुनेदची कॉलर धरली म्हणून तुमच्या मेहुण्यांनी मला चार माणसांत झापलं. त्यांचं काही चुकलं नाही. रीत अशी की मुलानं कबरीत उतरायचं आणि वरून दिलेला बाप आपल्या हातांवर घ्यायचा. जुनेद चप्पल काढून, बाह्या वर सारून काठावर बसला, त्यानं एक पाय खाली सोडला आणि माझ्या हातानं त्याची मागून कॉलर पकडली. मी पकडली असं म्हणवत नाही. इतकी वर्षं तुमच्याबरोबर काम केल्यावर त्या हाताला वळणच तसं लागलंय. कुणी खड्ड्याच्या काठावरून पाय खाली सोडला की तो आधी माणूस धरतो, विचार मागाहून.

"ये क्या करते जी?" मेहुणे म्हणाले. मी म्हणालो, "काही नाही, हवा..." आणि तिथंच जीभ आवरली. हवा तपासली का, असं विचारणार होतो मी. छातीएवढ्या उघड्या खड्ड्यात, भर दुपारी, वारा सुटलेला असताना. तुम्ही असता तर हसून हसून खोकला काढला असता, आणि मग जुनेदला बाजूला घेऊन म्हणाला असता, पाटलानं बरोबर केलं.

तुमचा चाळिसावा अजून व्हायचाय. त्या दिवशी सगळे तुमच्याबद्दल चांगलंच बोलतील आणि मीही मान डोलावत बसेन. त्याआधी मला तुमच्याशी भांडून घ्यायचंय. तुम्ही भांडण अर्ध्यावर टाकून फोन कापलात आणि त्याच आठवड्यात निघून गेलात, ही काही पद्धत झाली नाही.

मोजणी म्हटलं की लोकांना शेताचा बांध आठवतो. आपली मोजणी रस्त्यांची, नळांची, गटारांची. जमीन कुठं उंच, कुठं सखल, पाणी कुठून कुठं उतरेल ते आकड्यांत सांगायचं. एकानं तिपाईवरच्या दुर्बिणीला डोळा लावायचा, दुसऱ्यानं लांब जाऊन आकड्यांची उंच पट्टी धरून उभं राहायचं. पट्टी धरणाऱ्याला आपल्यात खलाशी म्हणतात. दत्ता स्वतःला मराठवाड्यातला सगळ्यात कोरडा खलाशी म्हणवून घ्यायचा. दत्ता माझा थोरला भाऊ, तुमच्या हाताखाली माझ्याआधीपासून होता. मला दुर्बिणीवर बसवा म्हणून तुमच्याकडं शब्द त्यानंच टाकला होता.

आम्ही पिशोरचे. आमच्याकडं उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढायचा झाला की आधी बादलीत कंदील ठेवून तो दोरानं खाली सोडतात. कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही. लिंबाचे डहाळे दोराला बांधून वरखाली करायचे, आतली हवा हलवायची, पुन्हा कंदील सोडायचा. तो जळत राहिला की आमचे तात्या म्हणायचे, "दिवा हसतोय, उतरा." त्या कंदिलावर आमच्या घराण्याचा डॉक्टरपेक्षा जास्त विश्वास. आणि तो खोटाही नव्हता. विहिरीत त्यानं आमची माणसं वाचवलीच.

त्या दिवशी जुन्या शहरातल्या एका बोळात काम होतं. नवी गटारलाइन टाकायची, म्हणून जुन्या प्रत्येक चेंबरची खोली पाहिजे होती. एरवी ती वरूनच मिळते. झाकण उचलायचं, पट्टी आत उभी सोडायची, तळाला टेकली की दुर्बिणीतून आकडा वाचायचा. आत पाय घालायची गरजच नाही. पण त्या चेंबरमध्ये गाळ साचला होता. पट्टी गाळावरच टेकत होती आणि नळाचं तोंड त्याच्या खाली दबलेलं होतं. ठेकेदाराच्या इंजिनिअरला नळाचीच पातळी हवी होती आणि संध्याकाळच्या आत हवी होती. विषारी वायू दाखवणारं मीटर आपल्याकडं एकच, आणि तेही त्या दिवशी सिटी चौकातल्या दुसऱ्या टोळीकडं. "झाकण उघडं ठेवा, वारा लागू द्या," तुम्ही म्हणालात. "मैं मीटर लेके आता. तब तक कोई अंदर पाँव नक्को डालो." आणि मोटारसायकलला किक मारलीत.

झाकण निघालं तेव्हा सडक्या अंड्यांचा असा भपकारा आला की समोरच्या शिंप्यानं दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं. मी बोळाच्या तोंडाशी तिपाई लावून उभा होतो. दत्ता चेंबरच्या काठावर वाकून बसला होता. थोड्या वेळानं त्याला वास येईनासा झाला. त्या वायूची खोड अशी की तो आधी नाक मारतो, हे तुम्ही आम्हाला पुढं कितीदा समजावलंत. वास गेलेला नसतो, आपलं नाक गेलेलं असतं. दत्तानं शिंप्याकडून मेणबत्ती मागून आणली, डब्यात उभी केली आणि सुतळीला बांधून आत सोडली. मी लांबून बघत होतो. त्याचा चेहरा अगदी तात्यांसारखा गंभीर झाला होता. मेणबत्ती सरळ जळत राहिली.

"दिवा हसतोय रं," त्यानं मला ओरडून सांगितलं. "उतरतो. आकडा घे."

मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. आम्ही दोघं एकाच विहिरीच्या काठावर वाढलेलो. ज्योतीला नुसती हवा पुरते, विष तिला चालतं, हे आम्हाला कुणी सांगितलं होतं? मी डोळा काचेला लावला. काचेत पट्टी दिसत होती. तिचं खालचं टोक आत दत्ताच्या हातात, वरचं चेंबरच्या तोंडातून बाहेर आलेलं. ती हलली, मग सरळ झाली. मी आकडा वाचायला लागलो तेवढ्यात ती तिरकी झाली. मी हातानं खूण केली, सरळ कर. दुर्बिणीला डोळा असला की समोरचाही आपल्याला बघतोय असंच वाटतं. पट्टी आणखी तिरकी झाली आणि काचेतून निघून गेली. काचेत नुसती शिंप्याची भिंत राहिली.

मी पळत गेलो. दत्ता खाली गाळात बसला होता, भिंतीला टेकून, मान छातीवर टाकून. मी हाक मारली. पुन्हा मारली. माझा एक पाय आतल्या लोखंडी पायरीवर पडला होता, दुसरा जाणार होता, तेव्हा तुम्ही मागून माझा कमरेचा पट्टा धरलात.

मोटारसायकल तुम्ही रस्त्यातच टाकून दिली होती आणि तिचं मागचं चाक अजून फिरत होतं. मीटर तुमच्या गळ्यात लटकत होतं आणि ओरडत होतं. आजही कुणी गाडी मागं घेताना तसाच आवाज आला की मी जागच्या जागी वळून बघतो.

"सोडा, माझा भाऊ आहे."

"हौ. मेरेकू मालूम है."

"आत्ता वर आणतो त्याला. सोडा."

"नहीं."

तुम्ही शिंप्याला ओरडून अग्निशमनवाल्यांना फोन करायला लावलंत. मी हातपाय झाडले, शिव्या घातल्या आणि शेवटी तुमच्या मनगटाला कडकडून चावलो. माझे दात हाडाला लागले ते मला कळलं. तुम्ही सोडलं नाही. माझ्या पाठीवर आडवे पडलात, सगळा भार टाकून. दत्ताला दोर बांधलेला असता तर आपण दोघांनी मिळून त्याला ओढला असता. दोर नव्हता. डब्याची सुतळी तेवढी होती. माझं तोंड चेंबरच्या काठावर दाबलं गेलं होतं, तिथून मला दत्ता दिसत होता. त्याचा हात गाळावर पालथा पडला होता. त्या हाताची बोटं एकदा हलली. मी पाहिलं. तुम्हीही पाहिलं, कारण तुमचा श्वास तेव्हा थांबला, माझ्या मानेला तो लागेनासा झाला. तरी तुम्ही सोडलं नाही.

पाठीवर हवेची टाकी बांधलेला माणूस उतरला आणि दत्ताला वर घेऊन आला. तोवर उशीर झाला होता.

त्या बोटांवरून आपलं भांडण सुरू झालं. तू उतरला असतास तर तूही गेला असतास, असं मला सगळ्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी सांगितलं, पोलिसांनी सांगितलं, सुतकाला आलेल्या पाव्हण्यांनी तर चहा पिता पिता सांगितलं. तुम्ही एकट्यानं कधी तसं म्हटलं नाही. मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "मालूम नहीं, पाटील. शायद तू ले आता. शायद नहीं." मग मला धरलंत कशाला, असं मी ओरडलो. तुम्ही म्हणालात, "नीचे एक था. मैं दो नहीं होने देता." मला त्या वेळी तुमचा खून करावासा वाटला. तुम्ही खोटं बोलला असता, तू नक्की मेला असतास असं एकदा म्हणाला असता, तर मी रात्री नीट झोपलो असतो. एवढं साधं तुम्हाला जमलं नाही.

सावडणं झालं त्या दिवशी तुम्ही पिशोरला आलात. येऊ नका असं मी निक्षून सांगितलं होतं. कन्नडपर्यंत एसटी, पुढं काळीपिवळी, आणि मी चावलेल्या मनगटाला पांढरं बँडेज. ओट्यावर भावकी बसलेली होती. चुलत भाऊ उठून उभे राहिले. तेवढ्यात माय आतून बाहेर आली.

"तूच का रऊफ?"

"हां माय."

"ह्याला तू धरलं?"

"धरलं."

"मंग त्याला का नाय धरलं?"

पाय घालू नका म्हणून मी बजावून गेलो होतो, असं तुम्ही म्हणू शकला असता. ते खरंच होतं आणि मीही हो म्हणालो असतो. तुम्ही म्हणालात, "मी तिथं नव्हतो, माय. झाकण उघडायला सांगून मी गेलो. वर कुणी नव्हतं."

माय तुमच्याकडं बघत राहिली आणि मग आत निघून गेली. आलेल्या माणसाला पाणी विचारलं नाही असं आमच्या घरात त्याआधी कधी घडलं नव्हतं. तुम्ही नळावर ओंजळीनं पाणी प्यालात आणि चालत फाट्यावर गेलात. मी तुमच्या मागं आलो नाही. मला तेव्हा तुमचं तोंड बघायचं नव्हतं.

पुढं कामगार खात्याच्या साहेबांसमोर चौकशी लागली. माणूस स्वतःच्या मनानं उतरला, आमची काही जबाबदारी नाही, असं ठेकेदाराचं म्हणणं. त्यानं तुम्हालाही तेच बोलायला सांगितलं होतं आणि तुमची नोकरी त्याच्याच हातात होती. तुम्ही उभे राहिलात आणि म्हणालात की उतरण्याची परवानगी नव्हती, मीटर जागेवर नव्हतं, पट्टा नव्हता, दोर नव्हता, वर थांबणारा माणूस नव्हता. यातलं एकही नसताना झाकण उघडायला मी सांगितलं. साहेब मान वर करून तुमच्याकडं बघायला लागले. ठेकेदाराचा माणूस छताकडं बघायला लागला. नोकरी तुमची गेलीच.

त्या साक्षीनं आमच्या घरात काय झालं ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. दत्ता मस्तीत उतरला, त्याची त्यालाच भोवली, असं भावकीत बोललं जात होतं. वहिनीच्या तोंडावर बोललं जात होतं. ते बंद झालं. एक दिवस माय आपणहून म्हणाली, "त्या रऊफला जेवायला बोलव." तुम्ही आलात तेव्हा तिनं दारातच तांब्या पुढं केला. तुम्ही तो उभ्यानं रिकामा केलात आणि आणखी मागितलंत. त्या दुसऱ्या तांब्याला ती रडली.

मग मीही नोकरी सोडली, आपण दोघांनी मिळून मोजणीची कामं घ्यायला सुरुवात केली आणि तुम्ही मला नियमांनी छळायला सुरुवात केली. देवगाव रंगारीजवळ रस्त्याचं काम होतं तेव्हा तुम्ही अंगात झगझगीत जाकीट घातल्याशिवाय मला पाणीसुद्धा पिऊ देत नव्हता. चहा घेऊन येणाऱ्या म्हाताऱ्यालाही तुम्ही जाकीट चढवलंत. तो दुसऱ्या दिवशी ते घालूनच बाजाराला गेला आणि परत द्यायला तयार होईना. गाड्यांकडं पाठ करून उभं राहायचं नाही. पट्टी अ‍ॅल्युमिनियमची, ती उंच करायच्या आधी मान वर करून विजेच्या तारा बघायच्या आणि "वर साफ" असं मोठ्यानं म्हणायचं. तार दिसत असो, नसो. उघड्या माळावर, जिथं कोसभर खांब नाही, तिथंही मी आभाळाकडं बघून "वर साफ" असं ओरडायचो आणि मेंढरं राखणारे माझ्याकडं टकामका बघायचे. माझ्या लग्नात तुम्ही मांडवातली जनरेटरची वायर ओल्या सतरंजीखालून गेलीय म्हणून मुहूर्ताच्या तोंडावर मांडव अर्धा हलवायला लावलात. सासरे विचारत होते, हे कोण? मी म्हणालो, आमचे खात्याचे साहेब. ते घाबरून तुम्हाला दोनदा वाढायला आले.

दत्तानंतर आपण एकाही माणसाला गटारात उतरवलं नाही. कायदा तेच सांगतो, पण तुम्ही कायद्याच्याही पुढं होता. आकडा मिळाला नाही तर मिळाला नाही, ठेकेदाराला यंत्र आणायला सांग, असं म्हणून तुम्ही सरळ तिपाईचे पाय मिटायचात. पाण्याच्या टाक्या, विहिरी, जुन्या नळांचे चेंबर, इथं मात्र कधीकधी उतरावंच लागायचं. तिथं तुमचा क्रम ठरलेला होता. आधी मीटर, मग पट्टा आणि दोर, मग वर थांबणारा. वर थांबणाऱ्यानं मोबाइल बघायचा नाही, चहा प्यायचा नाही, कुणाशी गप्पा मारायच्या नाहीत. मधूनमधून खालच्याला हाक मारायची, खालच्यानं ओ द्यायची. ओ आली नाही तर उतरायचं नाही, चरखीवर दोर ओढायचा. खालचा वर येऊन झाकण लागेपर्यंत जागचं हलायचं नाही. खाली नेहमी मी, वर नेहमी तुम्ही.

मायनं हे कुठून उचललं कोण जाणे. मी कामाला निघालो की तिचा फोन यायचा.

"आज खाली उतरायचं हाय का?"

"हाय."

"वर कोण हाय?"

"रऊफभाई."

"मंग जा."

माझ्या बायकोला वाटायचं, ही काहीतरी देवाधर्माची भाषा आहे. देवाचा त्यात संबंध नव्हता. माझी आई एक मुलगा गमावून बसली होती, आणि दुसऱ्याचा दोर कुणाच्या हातात आहे एवढंच तिला माहीत करून घ्यायचं होतं.

आता आपलं शेवटचं भांडण. पैठण रोडला जुन्या पाण्याच्या लाइनीचे चेंबर मोजायचं काम आलं. तुमचे गुडघे गेलेले, दोन जिने चढलात की भिंतीला हात लावून थांबायचात. मी फोनवर म्हणालो, "आता तुम्ही घरी बसा. माणूस ओढायची वेळ आली तर तुमच्यानं ओढवेल का?"

"ओढायला चरखी आहे," तुम्ही म्हणालात. "वर ताकद नाय लागत. वर माणूस लागतो."

"मग दुसरा ठेवतो."

"किसको?"

मी एक नाव घेतलं. तो सारखा मोबाइल बघतो, म्हणालात. दुसरं घेतलं. तो चांगला आहे, पण त्याचं काळीज मऊ आहे, "रोएगा और कूद जाएगा," म्हणालात. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, मग मीच थांबतो वर, खाली दुसरा कुणी जाईल.

"तू?" तुम्ही म्हणालात. "पाटील, तू तो कूदनेवाला है. तू अजून त्याच काठावर आहेस. तुला मी वर नाय ठेवणार."

इतकी वर्षं माझ्याबद्दल तुम्ही मनात हे धरून होता. मी तुमच्या मागं उन्हात फिरलो, माळावर आभाळाला ओरडलो, आणि तुमच्या हिशेबी मी अजून तो एक पाय आत टाकलेला माणूस. मी म्हणालो, "हो, उडी मारीन. भाऊ असेल तर मारीन." तुम्ही म्हणालात, "इसी लिए," आणि फोन कापलात.

मी दुसऱ्या दिवशी फोन केला नाही. वाटलं, करतील तेच. मग फोन आला तो जुनेदचा. सकाळची नमाज पढून तुम्ही पलंगावर बसलात, छातीवर हात ठेवलात, रिक्षा दारात येईपर्यंत सगळं झालं होतं. वर कोण थांबणार हे ठरायचं राहून गेलं.

दफन झालं. मीही तीन मुठी माती टाकली. मेहुण्यांनी जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणजे कॉलरचं ते विसरले असावेत. माणसं पांगली. जुनेद तेवढा मागं राहिला. तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "काका, एक विचारू? आंघोळ घालताना अब्बांचं मनगट बघितलं. ती खूण. आम्ही लहान होतो तेव्हापासून सांगायचे, कुत्रं चावलं होतं म्हणून. पण ते कुत्र्याचे दात वाटत नाहीत."

म्हणजे तुम्ही घरात सांगितलंच नव्हतं. सगळ्या नियमांवर तासन्‌तास बोलणारा माणूस, या एका गोष्टीवर तोंड मिटून बसला होता.

"वो कुत्ता मैं था," मी म्हणालो. मग त्याला सगळं सांगितलं, बोटं हलली तेसुद्धा. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "अब्बा झोपेत कधी कधी ओरडायचे. 'सोडणार नाही, सोडणार नाही.' अम्मीला वाटायचं, कामावर कुणाशी भांडण झालंय." मग घरी माणसं आलीत म्हणून तो गेला.

रऊफभाई, मला वाटायचं, ती बोटं रात्री फक्त मलाच दिसतात. माझं लग्न, माझी लेक, मायच्या उतारवयातली माझी सोबत, हे सगळं त्या दिवशी तुमच्या एका मुठीत होतं आणि तुम्ही ती उघडली नाहीत. ते बरं केलंत. दत्ताला मी वर आणू शकलो असतो का, ते मला अजूनही माहीत नाही, आणि तुम्हालाही माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना तुम्ही धरून ठेवलंत. त्याबद्दलचा माझा राग गेलेला नाही. तो राहू द्या. पण बरं केलंत.

ऊन कलायला लागलं होतं. कब्रस्तानचा राखणदार फाटकापाशी उभा राहून मी कधी निघतो याची वाट बघत होता. माझा पाय निघत नव्हता. तेवढ्यात फोन वाजला. माय होती.

"झालं का रं समदं?"

"झालं."

"मानसं?"

"गेली."

"मंग तू कुठं हायस?"

"इथंच. काठावर."

तिच्या अंगणातल्या कोंबड्यांचा आवाज येत राहिला.

"वर तूच हायस व्हय?"

"हां, माय."

"मंग थांब," ती म्हणाली. "लगीच हलू नको. खाली रऊफ हाय."